मंडळीच्या पैशाने परदेशी जावं का?

*ताई, मी 24 वर्षांची, सोलापुरात खासगी दवाखान्यात नर्स आहे. आमच्या चर्चच्या गायनवृंदात गाते. जर्मनीतल्या एका चर्चच्या मंडळीने मला 18 दिवसांसाठी बोलावलंय, राहणं-जेवण त्यांच्याकडे. तिकीट-व्हिसासाठी आमची मंडळी वर्गणी काढतेय. पण "आमच्या पैशावर फिरायला चालली" असंही कानावर येतंय. वडील म्हणतात, कुणाचे उपकार नकोत. घरातलं कुणी कधी विमानात बसलेलं नाही. काय करू? — एक वाचक, सोलापूर*

पैसे घे. मात्र हातात घेऊ नकोस आणि तुझ्या खात्यावरही जमा करून घेऊ नकोस. तुझ्या वडिलांची काळजी आणि व्हिसा अधिकाऱ्याची शंका, दोन्ही इथेच मिटतात.

पाळकसाहेबांना सांग, कमिटीच्या बैठकीत ठराव करून घ्या: कोण जातंय, कशासाठी, किती दिवस, मंडळी कोणता खर्च उचलणार. प्रत्येक देणगीची पावती खजिनदारांनी फाडावी, अगदी 100 रुपयांचीही. तिकिटाचे पैसे चर्चच्या खात्यातून थेट ट्रॅव्हल एजंटला जावेत. वर्गणी तुझ्या खात्यात आली, तर व्हिसाच्या अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम दिसते आणि ती उसनी आणून दाखवलीय असा संशय येतो. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेली भेट एकूण 50,000 रुपयांच्या वर गेली, तर ती सगळीच रक्कम करपात्र होते. जर्मनीकडून मदत आली तर तीही चर्चच्या साध्या खात्यात नको. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. त्यांनी त्यांचा खर्च तिकडेच करावा.

आता कागद. बहुतेक घोळ नावात होतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, चर्चमध्ये सगळे हाक मारतात तिसऱ्याच नावाने, असं आपल्याकडे घरोघरी आहे. निमंत्रणपत्रात, विम्यात, तिकिटात आणि चर्चच्या पत्रात पासपोर्टवरचंच नाव हवं, अक्षर न् अक्षर. पासपोर्ट अजून नसेल तर आधी आधार आणि दाखला जुळवून घे, मगच पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घे. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1,500 रुपये आहे. जर्मनीतून निघण्याच्या तारखेनंतर निदान 3 महिने तो चालू असावा आणि त्यात 2 पानं कोरी असावीत.

यजमानांकडून नुसतं प्रेमाचं पत्र पुरत नाही. तुझं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, राहण्याचा पत्ता, खर्च कोण करणार, सगळं त्यात लिहिलेलं हवं. त्यांच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयातून ते औपचारिक हमीपत्रही काढू शकतात. तिथे त्याला 29 युरो पडतात. ते मिळालं तर तुझ्या कमी शिलकीचा प्रश्न बराचसा सुटतो, म्हणून संकोच न करता माग. मूळ प्रत कुरिअरने मागव, फोटोवर भागत नाही.

तुझ्याकडून लागतील दवाखान्याचं रजा मंजुरीचं पत्र, 3 महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट. रजेच्या पत्रात कामावर रुजू होण्याची तारीख असू दे. तरुण, अविवाहित मुलगी परत येईल का, हा व्हिसा अधिकाऱ्यांचा खरा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर हेच पत्र देतं. प्रवासाचा हेतू विचारला की "पर्यटन" लिहू नकोस. मंडळीच्या निमंत्रणावरून भेट, हेच लिही आणि विचारलं तर हेच सांग. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. व्हिसा फी 90 युरो, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तर हे परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटाचं फक्त आरक्षण दाखव, पैसे भरू नकोस. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, कधी 45 पर्यंत जातात. निघण्याआधी दोन महिने अर्ज टाक.

बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईला स्वतः जावं लागेल. सकाळची वेळ मिळाली तर आदल्या दिवशीच पोच. विमानाच्या दिवशीही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून दुपारचं विमान धरू, असा हिशेब करू नकोस. गाडी रखडली की वर्गणीचं तिकीट वाया जाईल.

सामानात पेढे, खवा, तूप ठेवू नकोस, युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. कडक भाकरी, शेंगाचटणी चालते. पण चटणी पानात वाढण्याआधी घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे नक्की विचार. भेट म्हणून सोलापुरी चादर द्यावीशी वाटेल, पण ती एकटीच बॅगेचं बरंच वजन खाते. चार टॉवेल न्यावेस, तेही सोलापूरचेच.

बोलणाऱ्यांना उत्तर देत बसू नकोस. जाण्याआधी जमा-खर्चाचा कागद सूचना फलकावर लावायला सांग. उरलेली रक्कम तरुण संघाकडे जाईल, हेही ठरावातच लिहून घे. वडिलांना त्या बैठकीला बरोबर घेऊन जा.