वाचक विचारतात : सनद आणि साप्ताहिक

प्रश्न : तालुक्याच्या कोर्टात माझी दिवाणी वकिली आहे. स्थानिक साप्ताहिक काढायचं मनात आहे. सनद ठेवून काढता येईल का? पत्नीच्या नावावर काढलं तर? (एक वकील, देवगड)

उत्तर : लिहायला आडकाठी नाही. अडचण आहे ती पत्र चालवण्याची. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ५१ वा नियम वकिलाला पत्रकारिता करू देतो, वर्तमानपत्राचा मजकूर कायद्याच्या नजरेनं तपासून देऊ देतो. पूर्णवेळ नोकरी मात्र नको. ४७ वा नियम स्वतः धंदा करायला मनाई करतो. जाहिराती आणणं, वर्गण्या वसूल करणं, छपाईची बिलं भागवणं हा धंदाच झाला. पैसे घालून कारभारापासून लांब राहणारा भागीदार होता येतं, पण राज्य बार कौन्सिलला तो व्यवसाय वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधक वाटता कामा नये. कंपनी काढलीत तर कार्यकारी काम न पाहणारे संचालक व्हा, व्यवस्थापकीय संचालक होऊ नका.

पत्नी खरोखर कारभार पाहणार असतील तर प्रश्नच नाही. नाव त्यांचं आणि कारभार तुमचा असेल, तर तालुक्याच्या गावात ते आठवडाभरही झाकून राहत नाही. तुमच्यावर खार खाऊन असलेला एखादा पक्षकार तेवढ्यावर तक्रार ठोकेल.

सरळ मार्ग सनद स्थगित करण्याचा. आधी हातातल्या प्रकरणांचं बघा. पक्षकारांना वेळेत कळवा, कोर्टाच्या परवानगीनं वकीलपत्र काढून घ्या, न केलेल्या कामाची फी परत करा. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला रजिस्टर पोस्टानं कळवा, सोबत नावनोंदणीचं मूळ प्रमाणपत्र जोडा. त्याची झेरॉक्स आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. पुढे वकिलीत परतायचं झालं तर लागते. प्रकाशक म्हणून अर्ज त्यानंतर.

प्रश्न : साप्ताहिकाच्या नोंदणीचा अर्ज आता कुठे करायचा? कलेक्टर कचेरीत डिक्लरेशन करायचं ना? (गुहागर)

उत्तर : ती १८६७ च्या कायद्याची पद्धत. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. शीर्षक आणि नोंदणी, दोन्हींचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकदमच होतो. जिल्हाधिकाऱ्यांना अभिप्रायासाठी ६० दिवस असतात. अर्ज अडतो तो बहुधा नावावर. मराठीत देशभरात कुठेही, किंवा महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्याही भाषेत, तसंच किंवा मिळतंजुळतं नाव कुणाकडे असेल तर ते मिळत नाही. ‘सागर’, ‘कोकण’, ‘किनारा’ असल्या शब्दांवर जीव लावून बसू नका, दोन-तीन पर्याय हाताशी ठेवा.

प्रश्न : जमिनीच्या जाहीर नोटिसांवर साप्ताहिक तगेल असं सगळे म्हणतात. खरं का? (राजापूर)

उत्तर : अर्धं खरं. वकिलीतून आलेला माणूस इथेच हिशेब चुकतो, कारण कोर्टाच्या नोटिसाही तो मनातल्या मनात जमेला धरतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० प्रमाणे समन्स वर्तमानपत्रातून बजावायचं तर ते दैनिक लागतं, तेही प्रतिवादीच्या शेवटच्या ज्ञात पत्त्याच्या भागात खपणारं. साप्ताहिकाला ते काम मिळत नाही. उरतात खरेदीदाराच्या वकिलाच्या, ‘१४ दिवसांत हरकत कळवावी’ छापाच्या नोटिसा. कोकणात सातबारावर सहहिस्सेदारांची ही रांग, त्यातले निम्मे मुंबईला. म्हणून जपून वागणारा वकील मुंबईच्या दैनिकातही नोटीस देतोच, आणि त्याचं बजेट तिकडेच जास्त जातं.

नोटीस घेताना मजकूर लेटरहेडवर सहीनिशी घ्या. गाव, तालुका, गट किंवा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि क्षेत्र सातबाराशी ताडून पाहा. प्रूफवर पुन्हा सही घ्या. हिस्सा नंबर ३ चा ८ झाला की नोटीस भलत्याच्याच जमिनीची होते. मग शुद्धिपत्रक फुकट छापावं लागतं आणि मुदत नव्यानं मोजायची वेळ येते.

प्रश्न : वकिलीत कळलेली गोष्ट बातमी म्हणून छापता येते का? आता तर सनदही नाही. (वेंगुर्ले)

उत्तर : नाही. सनद गेली तरी तोंड बंदच. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३२ वं कलम स्पष्ट सांगतं की पक्षकारानं कामाच्या ओघात सांगितलेलं गुप्त ठेवायचं बंधन काम संपल्यावरही राहतं. तीच गोष्ट खुल्या कोर्टात आली, निकालपत्रात आली किंवा बातमीदारानं स्वतंत्रपणे कागद मिळवून आणली तर छापा. पण ती कुठून आली याची नोंद फाइलला ठेवा. शिवाय जुन्या अशिलाच्या बातमीवर शेवटचा हात दुसऱ्या कुणाचा असू द्या. छोट्या गावात निम्मा बाजार तुमचा अशील असतो, निम्मा विरुद्ध बाजूचा. हा नियम मोडला की दोघेही अंक घ्यायचे थांबतात.

बदनामीबद्दल वकिलांचाही एक गैरसमज आढळतो, ‘खरं आहे ना, मग छापू’. दिवाणी दाव्यात सत्य पुरतं. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली, ते सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. छापणाराही त्यात येतो, म्हणून छापखानेवाला वादग्रस्त पान पाहून कुरकुर करतो. त्याचं चुकत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष. तेवढा काळ तरी बातमीदाराच्या वह्या रद्दीत घालू नका.

प्रश्न : आठ पानी टॅब्लॉइड, २,००० प्रती. कागद आणि प्लेटा किती? पावसाळ्यात काय बिघडतं? (श्रीवर्धन)

उत्तर : ४५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५ ग्रॅम वजनाच्या) न्यूजप्रिंटवर अशी एक प्रत साधारण १७ ते २० ग्रॅम भरते. म्हणजे ३५ ते ४० किलो कागद, वर वाया जाणारा वेगळा. रंग जुळेपर्यंत शंभर-दोनशे ताव रद्दीतच जातात, प्रती २,००० असोत की १०,०००. छोट्या खपाला म्हणूनच छपाई महाग पडते.

अख्खा अंक एकाच तावावर बसवला तर १, ४, ५ आणि ८ ही पानं एका बाजूला येतात, २, ३, ६ आणि ७ दुसऱ्या. पहिली बाजू चौरंगी (चार प्लेटा), दुसरी काळी (एक): एकूण पाच. पहिलं पान रंगीत केलंत की ४, ५ आणि ८ वरचा रंग आयताच मिळतो. रंगीत जाहिरात तिथेच विका. तिसऱ्या पानाचा शब्द दिलात तर आणखी तीन प्लेटा आल्या.

जून ते सप्टेंबर कागद हवेतला ओलावा ओढतो, कडा लहरतात, यंत्र दोन ताव एकदम उचलतं. शाई उशिरा सुकते आणि गठ्ठ्यात वरच्या तावाच्या पाठीवर छाप उमटते. गठ्ठे भिंतीपासून हातभर लांब लाकडी फळ्यांवर ठेवा, प्लास्टिकचं वेष्टन छपाईच्या वेळीच फोडा, छापलेले गठ्ठे कमी उंचीचे रचा. घाट बंद होण्याचे हेच दिवस. छपाई कोल्हापुरात असेल तर पावसाळ्यापुरती छपाई एक दिवस अलीकडे घ्या.

प्रश्न : कोकणाशी नातं असलेले असे वकील-प्रकाशक पूर्वी कोण होते? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : दापोलीजवळच्या मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक हे ठळक नाव. हायकोर्टातली वकिली सांभाळून त्यांनी १८६४ मध्ये ‘नेटिव्ह ओपिनियन’ सुरू केलं. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १८७९ मध्ये एलएल.बी. केलं, पण वकिलीचा धंदा केला नाही. ‘केसरी’ निघाल्यावर दीडेक वर्षात, १८८२ मध्ये, बदनामीच्या खटल्यात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला, त्यांचं ‘बहिष्कृत भारत’ निघालं. रकानेच्या रकाने बॅरिस्टरसाहेब स्वतः लिहीत. पत्र १९२९ मध्ये पैशाअभावी थांबलं. चवदार तळ्याचा दावा मात्र हायकोर्टापर्यंत लढून १९३७ मध्ये जिंकला गेला.