ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळूनही सरकार इतक्या लवकर अडचणीत का आलं?

तुम्ही विचारलंय की जुलै 2024 मध्ये एवढा मोठा विजय मिळवून पंतप्रधान झालेल्या मजूर पक्षाच्या कीर स्टार्मर यांच्यावर वर्षभरातच माघार घ्यायची पाळी का आली. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो आणि वृद्धांच्या एका केअर होममध्ये पगार आणि हिशेबाचं काम बघतो. त्यामुळे या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला बातम्यांआधी पगारपत्रकावर दिसलं.

आधी बहुमताबद्दल. 650 पैकी 411 जागा मिळाल्या, पण मतं जेमतेम 34 टक्के. हुजूर पक्षाला घालवायचं लोकांनी पक्कं ठरवलं होतं, मजूर पक्षाला आणायचं मात्र तेवढं पक्कं नव्हतं. नायजेल फराज यांच्या स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षाला 14 टक्के मतं आणि फक्त 5 जागा मिळाल्या. म्हणजे संसदेत सरकार भक्कम दिसत होतं, पण लोकांच्या मनातला त्याचा पाया तेव्हाही कच्चाच होता.

त्यातच निवडणुकीआधी त्यांनी स्वतःचे हात बांधून घेतले होते. नोकरदारांचा इन्कम टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन आणि भत्त्यांच्या नावाने पगारावर बसणारा कर, नोकर आणि मालक दोघंही भरतात) आणि व्हॅट वाढवणार नाही, असं जाहीरनाम्यात वचन दिलं. तिजोरीत सर्वाधिक पैसा याच तीन करांतून येतो. मग अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात मालकांनी भरायचा नॅशनल इन्शुरन्स 13.8 वरून 15 टक्के केला, आणि तो लागू होण्याची वार्षिक पगाराची मर्यादा 9,100 पौंडांवरून 5,000 वर आणली.

टक्क्यापेक्षा ही मर्यादाच महागात पडते. आमच्याकडे बऱ्याच बायका आठवड्याला सोळा तास काम करतात. एप्रिल 2025 पासून किमान वेतन ताशी 12.21 पौंड झालं, म्हणजे त्यांचा वर्षाचा पगार साधारण 10,160 पौंड. जुन्या नियमाने अशा एका बाईमागे होमला वर्षाला 146 पौंड भरावे लागले असते, नव्या नियमाने 774. लहान मालकांसाठीची सूट वाढवली हे खरं, पण चाळीस माणसांच्या होमला ती कुठवर पुरणार? राहणाऱ्यांपैकी निम्म्यांचे पैसे कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, देते आणि कौन्सिलकडेही पैसा नाही. बर्मिंगहॅम कौन्सिलने तर सप्टेंबर 2023 मध्येच हात वर केले होते. एप्रिलचा पहिला पगार काढला त्या संध्याकाळी मॅनेजरबाई माझ्या टेबलाशी बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, रात्रपाळीला तीनऐवजी दोन माणसं ठेवून बघू. तेव्हापासून रात्री दोघंच असतात.

मग सरळ कर्ज काढून खर्च का करत नाहीत? कारण हुजूर पक्षाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांचं काय झालं ते सगळ्यांना आठवतं. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांनी पैशाची सोय न करता 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, सरकार ज्यांवर कर्ज काढतं त्या सरकारी रोख्यांचे भाव कोसळले आणि पेन्शन फंड वाचवायला बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावं लागलं. जेमतेम महिन्याभरात त्यांचं पंतप्रधानपद गेलं. आज सरकारवरचं कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास 95 टक्के आहे आणि त्याच्या नुसत्या व्याजापोटी वर्षाला 100 अब्ज पौंडांहून जास्त जातात. संरक्षणावरही एवढा खर्च होत नाही. त्यामुळे इथे कोणीही अर्थमंत्री असो, रोखेबाजाराला विचारल्याशिवाय त्याला पाऊल टाकता येत नाही.

पण सगळा दोष परिस्थितीवर टाकणं मला पटत नाही. हिवाळ्यात वृद्धांना घर गरम ठेवायला 200 ते 300 पौंड मिळायचे. सत्तेवर आल्याच्या महिन्यातच रीव्ह्ज यांनी ते अगदी गरीब पेन्शनर सोडून सगळ्यांचे बंद केले. माझ्या शेजारी ऐंशी पार केलेल्या आजी राहतात. त्यांची पेन्शन मर्यादेच्या किंचित वर जाते. त्या जानेवारीत मी दूध द्यायला गेलो तर आजी कोट घालून स्वयंपाकघरात बसलेल्या, बाकी खोल्यांचे हीटर बंद. "इथेच बस, बॅब, इथे जरा ऊब आहे," म्हणाल्या. (बॅब म्हणजे इकडच्या बोलीत बाळा.) जून 2025 मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि 35,000 पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पैसे परत सुरू केले. सव्वा-दीड अब्ज वाचवायला निघाले होते, तेही धड वाचले नाहीत आणि आजींसारख्यांचा विश्वास कायमचा गमावला. त्यांनी आयुष्यभर मजूर पक्षालाच मत दिलं होतं.

त्यानंतर लगेच अपंगांच्या भत्त्यात कपातीचं विधेयक आलं. स्वपक्षाच्याच शंभराहून जास्त खासदारांनी विरोध केला आणि मतदानाच्या दिवशीच त्यातला मुख्य भाग काढून टाकावा लागला. दुसऱ्या दिवशी संसदेत रीव्ह्ज यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि त्या पद सोडणार या भीतीने रोख्यांचे भाव पुन्हा घसरले.

मतं रिफॉर्मकडे जाऊ लागली तसे व्हिसाचे नियमही कडक झाले. जुलै 2025 पासून केअरच्या कामासाठी परदेशातून नवीन माणूस आणता येत नाही, आणि कायमच्या वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं थांबवण्याचा प्रस्ताव आला. आमच्याकडे नाशिकची एक मुलगी काम करते. तिची चार वर्षं पूर्ण झालीत. दर शुक्रवारी ती मला विचारते, "दादा, काही नवीन आलं का?" आणि स्थानिक माणसांसाठी दिलेली रात्रपाळीची जाहिरात अजून तशीच लागलेली आहे.