इस्सिक-कुलला गाईड घेऊन जावं की स्वतःच फिरावं?

गाईड घ्याच, निदान दक्षिण किनाऱ्यासाठी तरी. किर्गिझस्तानातलं हे सरोवर १६०० मीटर उंचीवर आहे, लांबी साधारण १८० किमी, पाणी किंचित खारट आणि प्रचंड खोल त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, नावाचा अर्थच 'गरम सरोवर'. उत्तरेला चोलपोन-आताला बीच, हॉटेलं आणि दगडांवर कोरलेली जुनी चित्रं, ते एकट्यानेही जमतं. पण खरी मजा दक्षिणेला, बोकोनबायेवोजवळ गरुड पाळून शिकार करणारी माणसं भेटतात, बायका लोकरीचे शिरदाक गालिचे करतात (ही कला २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे), आणि तिथे किर्गिझ किंवा रशियन येत नसेल तर नुसते फोटो काढून परत याल, गप्पा होणारच नाहीत. पुढे जेती-ओगुझचे लाल कडे, काराकोलची एकही खिळा न वापरता बांधलेली लाकडी दुंगान (चीनमधून आलेले मुस्लिम) मशीद, ती तर चुकवूच नका, चिनी देवळासारखी दिसते. शाकाहारी असाल तर गाईडला आधीच सांगून ठेवा, कारण युर्तमधल्या (भटक्या लोकांच्या गोल तंबूतल्या) जेवणात मटण असतंच. जुलै-ऑगस्ट बेस्ट, तरी रात्रीसाठी स्वेटर हवाच.