क्रँककेसच्या सांध्यातून झिरपणारे तेल

प्रश्न : माझ्या १९६७ सालच्या ट्रायम्फ बॉनव्हिल मोटरसायकलचे इंजिन जोडताना क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) सांध्यात भरपूर सिलिकॉन लावले, तरीही तेल झिरपते. काय चुकले असावे?

उत्तर : हा क्रँककेस उभा दुभागलेला असून त्याच्या सांध्यात मुळातच गॅस्केट (मध्ये बसवायचा पातळ पत्रा) नसते, दोन सपाट पृष्ठभाग आणि त्यांमधला सीलंटचा, म्हणजे सांधा बुजवणाऱ्या लेपाचा, अत्यंत पातळ थर एवढ्यावरच तो सांधा तेल धरतो. जाड थर तर घातकच, कारण आत दाबला गेलेला सिलिकॉन तुटून तेलपंपाच्या झडपेत अडकला, तर बेअरिंगे कोरडी पडतात. जुना थर लोखंडी पात्याने खरवडू नका, मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात. द्रावकाने भिजवून तो लाकडी पट्टीने काढा, हायलोमारसारखे न कडकणारे सीलंट बोटाने पातळ पसरा आणि बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

त्याआधी मात्र ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट, तपासाच, हा माझा आग्रह आहे. या इंजिनाचे दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली होतात, त्यामुळे क्रँककेसमधील पोकळी प्रत्येक फेरीत सुमारे ६५० घन सेंटिमीटरने कमी-जास्त होते, आणि ती हवा बाहेर पडण्याची वाट तुंबली असेल तर निर्दोष सांध्यातूनही तेल बाहेर ढकलले जाते.