दोन ओळींवरून इंग्रजी फोक आणि रॉक गाणी ओळखायची कशी?

क्विझमध्ये चाल न वाजवता नुसत्या दोन ओळी वाचून दाखवतात, रॉक थोडंफार जमतं पण फोक (लोकगीतं) आलं की दांडी उडते, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी ओळीत गाण्याचं नाव शोधायची सवय मोडा. क्विझ काढणारा मुरलेला असेल तर तो धृपद देतच नाही, आणि रॉकमधल्या कितीतरी गाण्यांच्या शब्दांत नावाचा पत्ताच नसतो. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (1975), लेड झेपेलिनचं 'ब्लॅक डॉग' (1971), बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ' (1967), बॉब डिलनचं 'पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट' (1965), सगळी त्यातलीच. द हूच्या 'बाबा ओ'रायली'ला तर लोक सर्रास 'टीनएज वेस्टलँड' म्हणतात आणि गुण घालवतात. अशा गाण्यांची यादी पाठच करावी लागते.

फोकसाठी आधी कान लावा, अर्थ मागाहून. एका ओळीत चार ठोके आणि पुढच्या ओळीत तीन पडत असतील, तर तो जुन्या बॅलडचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीताचा, साचा आहे. त्यात गोष्ट तिऱ्हाइताच्या तोंडून येते, पात्रं मध्येच एकमेकांशी बोलू लागतात, आणि विशेषणं ठरलेली असतात: घोडा दुधासारखा पांढरा, हात लिलीसारखा. पहिलीच ओळ जशीच्या तशी पुन्हा आली आणि तिसरीने तिला उत्तर दिलं, तर ते ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचं, वळण. तिथून रॉककडेही जाता येतं. टेलिफोन किंवा हायवे दिसला तर बॅलड जुनं नाही एवढं नक्की. उलटं मात्र खरं नाही, कारण 1960 च्या दशकातल्या गीतकारांनी याच साच्यात भरपूर नवी गाणी लिहिली.

खरी गोची होते ती भटक्या, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात शिरणाऱ्या, कडव्यांमुळे. प्रेमिकांच्या कबरींवर उगवलेला गुलाब आणि काटेरी झुडूप एकमेकांत गुंतल्याचं कडवं 'बार्बरा ॲलन'मध्ये सापडतं, 'लॉर्ड लव्हेल'मध्येही आणि 'फेअर मार्गारेट अँड स्वीट विल्यम'मध्येही. तेवढ्यावरून उत्तर ठोकू नका, आणखी एक ओळ मागा. पात्रांच्या नावांवरही फार विसंबू नका, ती गावागणिक बदलतात. कथानक टिकतं. म्हणून जुनी इंग्रजी-स्कॉटिश बॅलड्स गोळा करणारा अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड याच्या संग्रहातली 305 बॅलड्स शब्दांनी नाही, एका वाक्यातल्या गोष्टीने लक्षात ठेवा: कोण मेलं, कोणामुळे, शेवटी काय झालं. माझ्या मते त्यातली तीसेक नीट आली तरी बहुतेक वेळा निभावतं.

घरी सराव करताना उत्तर पडताळायचं असेल तर चार-पाच सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. नामं असलेला तुकडा निवडा; प्रेम, रात्र, बेबी असल्या शब्दांनी काहीच हाती लागत नाही. 'गोना' आणि 'गोइंग टू' यांसारखे शब्द प्रत्येक जण वेगळे लिहितो, तेही टाळा. तरी सापडलं नाही तर मधला एखादा शब्द चुकीचा ऐकलेला असण्याची शक्यता दाट. अशा चुकीला मॉन्डग्रीन म्हणतात. हा शब्द अमेरिकन लेखिका सिल्व्हिया राइटने 1954 मध्ये रूढ केला. एका स्कॉटिश बॅलडमधलं 'लेड हिम ऑन द ग्रीन' तिला लहानपणी 'लेडी मॉन्डग्रीन' ऐकू आलं होतं. संशयित शब्द वगळून उरलेले दोन तुकडे वेगवेगळ्या अवतरणांत टाका. फोकसाठी सरळ राऊड सूचीत, म्हणजे इंग्रजी लोकगीतांच्या क्रमांकवार सूचीत, जा. तिथे एकाच गाण्याची सगळी रूपं एका क्रमांकाखाली येतात. 'बार्बरा ॲलन'चा क्रमांक 54.

राहता राहिला प्रश्न उत्तर काय लिहायचं याचा. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' हे पारंपरिक गाणं डिलनच्या 1962 च्या पहिल्या अल्बमवर आहे आणि ॲनिमल्सनी ते 1964 मध्ये गाजवलं. गाण्याचं नाव हवंय की गायकाचं, आणि गायकाचं असेल तर कोणत्या ध्वनिमुद्रणाचं, हे फेरी सुरू होण्याआधीच विचारून घ्या.