पिरूलवरून जपून: कुमाऊंच्या सायकलसफरीबद्दल वाचकांचे प्रश्न

उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या चीडबनांतून (चीड म्हणजे हिमालयातला पाइन) आणि नदीखोऱ्यांतून सायकलनं फिरण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बहुतेकांच्या मनात एकच वाट दिसते: काठगोदाम, भीमताल, भवाली, खैरना, अल्मोडा, कौसानी, बागेश्वर. त्यामुळे उत्तरंही त्याच वाटेला धरून दिली आहेत.

आम्ही चौघं पसरणी घाट नेहमी चढतो. नकाशावर काठगोदाम ते बागेश्वर दोनशे किलोमीटरही भरत नाही. तीन दिवसांत होईल ना? (सातारा)

अंतर पावणेदोनशेच्या आसपास आहे हे खरं, पण इथे किलोमीटर मोजून काही कळत नाही. चढ मोजा. वाईहून पाचगणीला जाताना तुम्ही साधारण साडेपाचशे मीटर चढता. काठगोदाम सुमारे ५५० मीटरवर आहे आणि भवाली १,७०० च्या जवळ. म्हणजे पहिल्याच बत्तीस-तेहतीस किलोमीटरांत दोन पसरणी घाट झाले, तेही सामानासकट.

मुख्य अडचण पुढे आहे. या भागातली मोठी गावं डोंगरधारेवर वसली आहेत आणि रस्ता मधल्या प्रत्येक नदीपर्यंत खाली उतरतो. भवालीहून कोसी नदीकाठच्या खैरन्याला येताना सुमारे ७०० मीटर उंची गमावता आणि अल्मोड्याला (साधारण १,६४० मीटर) जाताना तेवढीच परत कमावता. अल्मोड्याहून कौसानीला निघालात की पहिले बाराएक किलोमीटर पुन्हा कोसीपर्यंत उतार. मग हवालबाग, सोमेश्वर अशी खोऱ्यातली सौम्य चढण आणि शेवटच्या टप्प्यात कौसानीचा (१,८९० मीटर) खरा घाट. असं करत एकूण चढाई अडीच हजार मीटरांच्या पुढे जाते.

सामान लादलेल्या सायकलवर ताशी ३०० मीटर चढाई धरा. पहिला मुक्काम भीमताल, दुसरा खैरना किंवा काकडीघाटच्या आसपास, तिसरा अल्मोडा, चौथा कौसानी. पाचव्या दिवशी गरुड, बैजनाथ करत गोमतीच्या काठानं बागेश्वर. हा दिवस जवळजवळ सगळा उताराचा आहे, म्हणून बैजनाथची कत्यूरी राजांच्या काळातली देवळं निवांत पाहता येतील. तीन दिवसांत जमणारच नाही असं नाही, पण मग सोमेश्वरच्या भातखाचरांतून तुम्ही मान खाली घालून जाल.

नोव्हेंबरात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. अल्मोड्यात तेव्हा सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो आणि खोऱ्यात ऊन त्याच्याही बरंच आधी जातं. सायंकाळी सहापर्यंत चालवण्याची आपली सवय तिथे चालत नाही.

माझी रोडबाइक आहे, पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८. सामान बारा किलो. सायकल बदलावी का? (नाशिक)

शक्य असेल तर बदला. तुमचा सर्वांत हलका गिअर म्हणजे पुढच्या छोट्या चकतीचे ३४ दाते भागिले मागच्या मोठ्या चकतीचे २८, म्हणजे १.२१. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं तर त्यात ताशी सव्वानऊ किलोमीटर वेग येतो. स्वार ७० किलो, सायकल आणि सामान २६ किलो धरलं तर पाच टक्के चढावर हा वेग ठेवायला साधारण १३५ ते १४० वॉट लागतात. तोच चढ ताशी सहा किलोमीटरनं चढायला नव्वदच्या आसपास पुरतात. सव्वाशेच्या वरचा जोर तासभर अनेकांना जमतो, चार तास क्वचितच कुणाला जमतो. गिअर संपला की माणूस पायडल हळू आणि दाबून मारतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो.

हलका गिअर एकाच्या खाली हवा. पुढे तीन चकत्यांची (२२/३२/४२) जुनी माउंटन बाइक आणि मागे ११-३४ असेल तर सर्वांत हलका गिअर ०.६५ पडतो आणि ताशी पाच किलोमीटरनंही आरामात चढता येतं. दिसायला गबाळी असली तरी या वाटेला तीच बरी.

रोडबाइकच न्यायची असेल तर मागचा कॅसेट (चकत्यांचा संच) ११-३४ करता येतो का ते पाहा. अडचण डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची असते. आखूड पिंजऱ्याचे अनेक जुने रोड डिरेलर २८ किंवा ३० दात्यांपुढे चालत नाहीत. डिरेलर चालत असला तरी जुनीच चेन ठेवू नका. नवी चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून गुंडाळा, जिथे टोकं जुळतात त्याच्या पुढे दोन कड्या जास्त ठेवा आणि तिथे तोडा. चेन आखूड राहिली आणि चढावर चुकून मोठी-मोठी जोडी पडली, तर डिरेलर हँगरसकट (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) उपटून येतो.

मे महिन्यातच सुट्टी मिळते. चीडाची पानं रस्त्यावर पडून सायकल घसरते म्हणतात, खरं का? (कोल्हापूर)

खरं आहे. चीडाची पानं म्हणजे तीन-तीनच्या जुडग्यातल्या, वीस-तीस सेंटिमीटर लांब सुया. कुमाऊंत त्यांना पिरूल म्हणतात. गळ सर्वांत जास्त एप्रिल ते जूनमध्ये, म्हणजे नेमकी तुमच्या सुट्टीत. सुकलेली सुई बारीक आणि गुळगुळीत असते, त्यामुळे टायर डांबरावर न टेकता सुयांच्या थरावरून सरकतो.

वाहनांच्या चाकांमुळे पिरूल रस्त्याच्या कडांना आणि वळणाच्या आतल्या बाजूला साठतो. म्हणून मोटारींच्या चाकोरीतून चालवा. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना मारा. वळणात कललेल्या सायकलवर, विशेषतः पुढचा ब्रेक दाबलात तर सावरायला वेळ मिळत नाही. मागून गाडी आली म्हणून कडेला सरकताना सांभाळा. डोंगराच्या बाजूची नाली पिरूलनं काठोकाठ भरलेली असते आणि ती जमीनच वाटते. गाडीला वाट द्यायची तर डांबरावरच थांबा.

सुया मागच्या डिरेलरच्या छोट्या चाकांत गुंडाळल्या जातात. गिअर उड्या मारायला लागला तर तारेशी खेळण्याआधी तिथे पाहा. चेनला तेल कमी द्या आणि फडक्यानं पुसून घ्या. ओल्या चेनवर सुयांचा भुगा आणि धूळ मिळून काळी लेई होते. खोडांवर राळेसाठी खाचा मारलेल्या दिसतील. त्या राळेला तिकडे लीसा म्हणतात. अशा खोडाला सायकल टेकवू नका. टेकवलीच आणि लीसा लागला तर पाण्यानं निघत नाही. हँडलवरचा मोहरीच्या तेलानं निघेल. रिमवर किंवा डिस्कवर तेल नको, तिथे स्पिरिट वापरा.

आता महिन्याबद्दल. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरतात आणि मेमध्ये खोरीच्या खोरी धुरानं भरू शकतात. आग चढावर वेगानं पसरते, म्हणून खालच्या उतारावर आग दिसली तर वर चढून ती ओलांडायचा विचार करू नका. मागे फिरा. चीडाचे पेटलेले शंकू गडगडत रस्त्यापलीकडे जातात आणि जळलेल्या उतारावरून दगडही सुटतात. मार्चमध्ये आठवडा काढता आला तर बुरांशही (लाल ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला मिळेल.

व्ही-ब्रेक (रिमला दाबणारे) आहेत. डिस्कशिवाय हे उतार झेपतील का? (पणजी)

झेपतील, पण सवय बदलावी लागेल. ९६ किलोचं ओझं ७०० मीटर खाली आणताना साडेसहा लाख ज्यूलच्या वर ऊर्जा सुटते. साध्या तापमानाचं दोन लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी. काही भाग वारा खातो, उरलेली रिममध्ये उष्णता होऊन जाते. ब्रेक सतत हलका दाबून ठेवलात तर रिमला निवायला फुरसत मिळत नाही, ट्यूब तापते, आतली प्लास्टिकची रिमपट्टी मऊ पडते आणि ट्यूब स्पोकच्या भोकात घुसून फुटते. उतारावर पुढची ट्यूब फुटणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

सरळ रस्त्यावर सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग निम्मा करा, पुन्हा सोडा. दर पाच-सहा किलोमीटरला थांबा. रिमजवळ बोट नेऊन धग पाहा, चटकन टेकवू नका. निघण्यापूर्वी कापडी रिमपट्टी, नव्या तारा आणि पॅडची एक जादा जोडी घ्या. पॅडमध्ये रुतलेले चकाकते कण सुईनं काढत जा, नाहीतर ते रिम कोरतात. तारेवर चालणारे डिस्क असलेल्यांनाही सुटका नाही. पॅड झिजले की लिव्हर दांड्याला टेकतो, म्हणून रोज सकाळी ताण तपासा आणि पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर येण्याआधीच बदला.

एवढं जंगल आहे, मग पाणी वाटेत मिळेलच ना? (नागपूर)

चीडबनात तसं गृहीत धरू नका. चीड उन्हाकडच्या, कोरड्या उतारांवर जास्त वाढतो. सावली विरळ, जमीन सुयांनी झाकलेली, झरे कमी. दाट, काळपट हिरव्या बांजाचं (हिमालयातल्या ओकचं) रान लागलं की झरा असण्याची शक्यता वाढते. बांधीव कुंडाच्या झऱ्याला कुमाऊंत नौला आणि वाहत्या धारेला धारा म्हणतात. गावात विचारताना हेच शब्द वापरा. नौल्यात हात-पाय धुवू नका, ते गावाचं पिण्याचं पाणी असतं. स्वतः पिताना गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्या. भीमतालचा चढ आणि कौसानीचा शेवटचा घाट, दोन्हीकडे तीन लिटर भरूनच चढायला लागा.

नदीकाठी तंबू टाकता येईल का? ऑक्टोबरात पाऊस नसतो म्हणून विचारतो. (पुणे)

ऑक्टोबर २०२१ च्या १८-१९ तारखांना याच भागातल्या मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस झाला. कोसीला पूर आला आणि खैरना-गरमपानी पट्ट्यात रस्ता तुटला. तेव्हा ऑक्टोबर कोरडा असतोच असं नाही. वाळूच्या पात्रात तंबू नको, आणि चीडाखाली पिरूलच्या गादीवर स्टोव्ह नको. मधली जागा म्हणजे गावाजवळचं पडीक शेत. मालकाला विचारून. खरं तर या वाटेवर साध्या खोल्या मिळतात, तंबूचे तीन किलो घरीच ठेवलेत तरी चालेल. रात्री पारा दहाच्या खाली जातो, ते वजन गरम कपड्यांना द्या.

कोसीकाठच्या रस्त्याबद्दल आणखी एक. खैरना ते अल्मोडा पट्ट्यात, विशेषतः क्वारबजवळ, दरड येते. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी निघण्याआधी चहाच्या टपरीवर चौकशी करा. जीपवाल्यांना रस्त्याची खबर सर्वांत आधी लागते. गरमपानीला थांबलात तर पकोडे आणि मोहरी घातलेला काकडीचा रायता खाऊन घ्या, पण चढासाठी पोटात आलू के गुटके (परतलेले मसालेदार बटाटे) बरे.

सोबत चौदा वर्षांची मुलगी आहे. उंचीचा त्रास होईल का? (बंगळुरू)

दोन हजार मीटरांच्या आतबाहेर निरोगी मुलांना तो सहसा होत नाही. धाप लागेल ती चढाची. तिचं सामान तुमच्या सायकलवर घ्या.

सुटे भाग किती न्यावेत? (छत्रपती संभाजीनगर)

हल्द्वानी सोडल्यावर गिअरच्या सायकलचा भाग मिळेल असं धरूच नका. दोन ट्यूब, ठिगळं, पंप, चेन तोडायचं हत्यार, चेनच्या दोन जोडकड्या, तुमच्या फ्रेमचा डिरेलर हँगर, ब्रेक आणि गिअरची एकेक तार. मागच्या चाकाचे कॅसेटकडच्या बाजूचे तीन स्पोक, कारण ओझ्यानं बहुधा तेच तुटतात. पण ते बसवायला कॅसेट काढावा लागतो, तेव्हा त्याचा सॉकेटही घ्या, नाहीतर स्पोक शोभेचे. सॉकेट नसेल तर दोरीचा तात्पुरता स्पोक ठेवा. ३८ मिलिमीटर टायरमध्ये मागे ५५ ते ६०, पुढे ४५ ते ५० पीएसआय हवा पुरते. टणक भरलेला टायर दरडीच्या खडीवर उडतो.

सायकल रेल्वेनं कशी न्यायची? आणि परत रामनगरकडून उतरावं का? (डोंबिवली)

दिल्लीहून काठगोदामला रानीखेत एक्सप्रेस, संपर्क क्रांती आणि शताब्दी जातात. आपल्या तिकिटावर ‘लगेज’ म्हणून नोंदवा, ‘पार्सल’ म्हणून नको. पार्सल मागच्या गाडीनं येऊ शकतं. गाडी सुटण्याच्या दोन तास आधी पोचा, पायडल आणि आरसे काढा, डिरेलरवर पुठ्ठा बांधा, हँडल आणि फ्रेम दोन्हींवर नाव आणि स्टेशन लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. काठगोदाम शेवटचं स्टेशन आहे, त्यामुळे सायकल न उतरता पुढे जाण्याची भीती नाही. दिल्लीला गाडी बदलताना मात्र नोंदणी बहुधा नव्यानं करावी लागते, तेवढा वेळ मध्ये ठेवा.

परतीला रामनगर टाळा. मोहानच्या बाजूचा रस्ता कॉर्बेटच्या जंगलाला लागून जातो, तिथे वाघाचा वावर आहे आणि दुचाकीवरच्या माणसांवर हल्ले झाले आहेत. त्यात सायकल आवाजही करत नाही. बागेश्वरहून ताकुला मार्गे अल्मोडा सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे, पण सुरुवातीलाच मोठी चढाई लागते. पाय थकले असतील तर बागेश्वरच्या जीपच्या टपावर सायकल आडवी न टाकता उभी बांधायला सांगा आणि दोर स्वतः आवळा.