ऑनलाइन परिषद संपली की अभ्यासकांचा गट विरतो, तो टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की परिषदेला दोनशे जण आले, प्रमाणपत्रं घेऊन गेले आणि महिन्याभरात गट थंड पडला. मी सोलापुरात इतिहास शिकवते. 2020 च्या टाळेबंदीत आमचंही हेच झालं. उद्घाटन, बीजभाषण, आभार. भाषणं चांगली होती, पण ऐकणाऱ्याच्या हाताला कामच नव्हतं.

मग आम्ही महिन्यातून एकदा जुन्या मराठी कागदपत्रांच्या मोडी लिपीतलं फक्त एक पान वाचायला बसू लागलो. पान आठवडाभर आधी पाठवायचं, प्रत्येकानं आपलं वाचन लिहून आणायचं. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटं मिळतात, एका पानाला तेवढी बहुतेक वेळा पुरतात.

एकदा विणकराच्या जमाखर्चाचं पान होतं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे ‘मगम’ ही तीन अक्षरं कुठल्या शब्दाची, यावर आम्ही अडलो. कुणी म्हणालं, माणसाचं नाव असेल. तेवढ्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतल्या एका विद्यार्थिनीनं माइक सुरू केला. मागं यंत्रमागाची खडखड ऐकू येत होती. “मॅडम, ते मग्गम असेल. आमच्या घरी मागाला मग्गमच म्हणतात.” तेलुगू शब्द मोडीत लिहिलेला! त्या दिवसापासून ती पोरगी एकही बैठक चुकवत नाही. आपल्यावाचून पान अडतं हे माणसाला कळलं, की तो परत येतो.

मोठी परिषद आम्ही अजूनही वर्षातून एकदा घेतो, पण भाषणं आधी ध्वनिमुद्रित करून ठेवतो आणि प्रश्नोत्तरं तीन आठवडे लेखी चालू ठेवतो. ही रीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरातल्या अभ्यासकांनी 2016 मध्ये विमानप्रवास टाळण्यासाठी वापरली होती. आम्हाला ती वेगळ्याच कारणानं कामी आली: करमाळा-सांगोल्याकडच्या प्राध्यापकांना दिवसा तास असतात, नेटही धड नसतं. रात्री निवांत ऐकून ते जे प्रश्न लिहितात, ते समोरासमोरच्या घाईत कधीच आले नसते.

प्रमाणपत्र हवं तर निदान एक लेखी वाचन किंवा प्रश्न द्यावा लागतो. ही अट घातल्यावर नोंदणी पार घसरली. घसरू द्या. आणि एक माणूस असा नेमाच, जो दोन बैठका चुकवणाऱ्याला फोन करून विचारेल, “बरे आहात ना?”

पुढच्या महिन्यात ती विद्यार्थिनी आजोबांची तेलुगू वही आणणार आहे. आमच्यातल्या दोघांनाच ती लिपी येते, म्हणून सध्या रोज रात्री ती बाकीच्यांना पाच-पाच अक्षरं पाठवतेय.